लाइट गेली आणि पाणी उभं राहिलं: डॅलसजवळच्या एका स्विमिंग पूलचं प्रकरण

घर घेतलं तेव्हा मागच्या स्विमिंग पूलबरोबर एक पानाचं माहितीपत्रक मिळालं होतं. हिवाळ्याबद्दल त्यात एकच सूचना होती: गोठवणारी थंडी पडली की पंप बंद करू नका. सहा हिवाळे आम्ही ती पाळली आणि काहीही बिघडलं नाही. सातव्या हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, पंप चालू ठेवणं आमच्या हातातच राहिलं नाही. पंप आपोआप बंद पडला तर काय करायचं, हे त्या पानावर नव्हतं. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्या कितीतरी मराठी घरांच्या परसात पूल आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण बर्फ न पाहता वाढले आहेत. म्हणून जे घडलं ते क्रमाने, चुकांसकट लिहितो आहे.

पूल, आणि त्याच्या बाजूची यंत्रं

आमचं घर डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोमध्ये. पूल जमिनीत बांधलेला, काँक्रीटचा, आतून प्लास्टर केलेला, वरच्या कडेला फरशीची पट्टी. पाणी साधारण साठ हजार लिटर. घराच्या उजव्या बाजूला, कुंपण आणि भिंत यांच्यामधल्या बोळात, एका छोट्या ओट्यावर सगळी यंत्रं उघड्यावर बसवलेली आहेत: पंप, कार्ट्रिजचा फिल्टर, गॅसवरचा हीटर आणि मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन बनवणारा सेल. त्यांना जोडणारे दोन इंची पीव्हीसी पाइप जमिनीतून वर येतात, यंत्रांमधून फिरतात आणि पुन्हा जमिनीत जातात. वर छप्पर नाही, भोवती आडोसा नाही.

उत्तरेकडच्या मिशिगन किंवा ओहायो राज्यांमध्ये पूल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ‘बंद’ करतात. पाण्याची पातळी तोट्यांच्या खाली आणतात, पाइपांमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून पाणी बाहेर काढतात, तोंडांना बुचं ठोकतात, काही जण पाइपात न गोठणारं द्रावण ओततात, आणि वरून ताडपत्रीसारखं आच्छादन घालून मे महिन्यापर्यंत पूलकडे पाहत नाहीत. टेक्सासमध्ये हे कुणी करत नाही. इथली थंडी एक-दोन रात्रींची पाहुणी असते, डिसेंबरातही टी-शर्टवर फिरायचे दिवस येतात. म्हणून पूल बारा महिने भरलेला आणि चालू. थंडीपासून रक्षण करायला नियंत्रण पेटीत एक संवेदक असतो: हवेचं तापमान दोन-तीन अंश सेल्सिअसवर आलं की तो पंप सुरू करतो आणि तापमान वर जाईपर्यंत चालू ठेवतो.

ही युक्ती खरंच चांगली आहे, आणि ती का चालते हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साठ हजार लिटर पाण्यात प्रचंड ऊब साठलेली असते. ते पाणी फक्त एक अंशाने थंड व्हायला सुमारे ७० युनिट उष्णता बाहेर जावी लागते, म्हणजे दोन किलोवॅटची शेगडी पस्तीस तास चालेल इतकी. दुसरीकडे, दोन इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जेमतेम दोन लिटर पाणी मावतं. ते एकटं सोडलं तर काही तासांत गोठतं. पंप करतो काय, तर पूलमधलं सहा-सात अंशांचं पाणी सतत त्या उघड्या पाइपांतून फिरवतो. आपल्याला ते बर्फासारखं वाटतं, पण उणे दहा अंशांच्या हवेत उभ्या असलेल्या पाइपासाठी ते गरम पाणीच असतं.

माझे वडील निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांना हे सांगायला पदार्थविज्ञान लागलं नसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दोन-तीन अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, आणि त्या रात्री आमच्याकडे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक पहाटेपर्यंत चालू असतं. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं. ते बागेत फिरलं की मुळांभोवतीची जमीन निवत नाही, मण्यांना तडे जायचं प्रमाण कमी होतं. पाणी फिरतं ठेवा, ऊब फिरती राहील. प्लेनोतला संवेदक आणि निफाडची पहाट, दोघांचं म्हणणं हेच.

रविवार रात्र ते सोमवार पहाट

त्या आठवड्यात थंडी आधीच मुरली होती. गुरुवारी, ११ तारखेला, फोर्ट वर्थमध्ये बर्फाळ महामार्गावर शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळून सहा माणसं गेली. आमचा पंप त्याच्याही आधीपासून अखंड चालू होता. रविवारी रात्री झोपण्यापूर्वी मी बोळात जाऊन कान देऊन आलो. पंप एकसुरात घुमत होता. स्पाच्या, म्हणजे पूलला जोडलेल्या गरम पाण्याच्या कुंडाच्या, कडेवरून पूलमध्ये पडणाऱ्या धारेभोवती बर्फाची झालर धरली होती आणि मुलीने तिचे फोटो काढले होते.

सोमवारी, १५ तारखेला, रात्री एक वाजून पंचावन्न मिनिटांनी टेक्सासच्या विद्युत जाळ्याची वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत घसरली. गोठलेल्या गॅसच्या विहिरी, गॅसच्या वाहिन्या आणि वीजनिर्मिती संच एकामागून एक बंद पडत होते, आणि हीटर लावून बसलेली घरं वीज मागत होती. वारंवारता ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ती नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेले संचही स्वतःला वाचवण्यासाठी सुटले असते आणि अख्खं जाळं कोसळलं असतं. ते वाचवण्यासाठी राज्याच्या जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या ‘एरकॉट’ने मागणी तोडायला सांगितली. सर्वाधिक तुटीच्या वेळी २० हजार मेगावॅटची मागणी बंद केलेली होती. ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. त्यात आमचं एक.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला जाग आली ती शांततेने. हीटिंगचा पंखा बंद होता, आणि खिडकीतून नेहमी ऐकू येणारी पंपाची घरघरही नव्हती. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

फोनवर संदेश होता की वीज ‘आळीपाळीने’ बंद केली जाईल. आळीपाळीने म्हणजे अर्धा-पाऊण तास, असं मी समजलो. आपल्याकडच्या भारनियमनाची सवय असल्यामुळे त्या शब्दावर माझा चटकन विश्वास बसला. प्रत्यक्षात तूट इतकी मोठी होती की इस्पितळं, अग्निशमन केंद्रं असलेल्या वाहिन्या सोडल्या तर आळीपाळीला पुरेल इतकी वीज उरलीच नव्हती. दोन गल्ल्या पलीकडच्या घरांत दिवे तसेच होते, कारण ती घरं इस्पितळाच्या वाहिनीवर होती. आमच्याकडे अंधार.

बाबांचा फोन

पाचच्या सुमारास मी बाबांना फोन केला. निफाडला दुपारचे साडेचार. माघी चतुर्थी, घरी मोदक झाले होते, आई ते सांगत होती. मग बाबांनी फोन घेतला.

“किती आहे थंडी?”

“उणे चौदा-पंधरा असेल, बाबा. आणि लाइट गेलीय.”

“लाइट गेली म्हणजे तुझी ती मोटार बंद. मग पाइपातलं पाणी उभंच आहे की.”

“हो, पण येईल तासाभरात. तसा मेसेज आहे.”

“येईल तेव्हा येईल. खालचं बूच काढून पाणी सोडून दे. आली लाइट तर परत भर.”

मी त्यांना समजावलं की इथली यंत्रं वेगळी असतात, त्यात संवेदक असतो, लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. बाबांनी वाद घातला नाही. “बघ मग,” एवढंच म्हणाले.

या प्रकरणात निर्णयाची एकच जागा आहे, आणि ती हा फोन आहे. नंतर मी हिशेब मांडून पाहिला. त्या हवेत, त्या वाऱ्यात, दोन इंची उघड्या पाइपातलं पाणी पूर्ण गोठायला चार-पाच तास लागले असते. शून्यावर आलेल्या पाण्याचा बर्फ व्हायला फार उष्णता जावी लागते. तेवढी उष्णता गेली तर तेच पाणी ऐंशी अंशांवरून शून्यावर आलं असतं. निसर्गाने दिलेली ही सवलतच म्हणायची. दोनला पंप थांबला, पाचला मी बाबांशी बोललो. वेळ संपत आली होती, पण संपली नव्हती. हातमोजे घालून बोळात गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. चहा केला आणि वाट पाहिली. गॅस होता, शेगडी काडीने पेटत होती. सकाळी बायकोने त्याच शेगडीवर मोदक उकडले आणि आम्ही टोप्या-कोट घालून आरती केली.

(तीच शेगडी घर तापवायला पेटती ठेवायचा मोह होतो. आम्ही तो टाळला. त्या आठवड्यात बंद घरात गॅस, कोळसा किंवा जनरेटर चालवून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली.)

समोरच्या घरातले गृहस्थ मूळचे मिशिगनचे, सत्तरीचे. त्यांचीही वीज आमच्याबरोबरच गेली. त्यांनी तीन वाजता टॉर्च घेऊन बाहेर जाऊन सगळी बुचं काढली होती. हे मला दोन दिवसांनी कळलं.

मंगळवारचा पाऊण तास

मंगळवारी, १६ तारखेला, डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे १९ अंशांची नोंद झाली. १९४९ नंतर इथे इतकी थंडी पडली नव्हती. पूलवर तीन-चार सेंटिमीटरचा बर्फ धरला होता. खाली पाणी होतं. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, त्याहून थंड झालेलं वर तरंगतं, म्हणून पूल वरून गोठतो आणि तळ बराच काळ शाबूत राहतो. पूलची मला चिंता नव्हती. बोळातल्या यंत्रांवरही बाहेरून काही दिसत नव्हतं. पंपाच्या पारदर्शक झाकणातून आत पांढरा गोळा तेवढा दिसला.

दुपारी वीज आली. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी बोळातून एक जाड, अडकलेला आवाज आला. नियंत्रण पेटीला वीज मिळाली, संवेदकाने थंडी ओळखली आणि इमानदारीने पंप सुरू केला. आतला पंखा बर्फात जखडलेला होता. मी धावत जाऊन ब्रेकर पाडला, पण तेवढ्यात मोटारीच्या दांड्यावरचं सील गेलं होतं. म्हणजे पहिलं नुकसान थंडीने केलं आणि दुसरं परत आलेल्या विजेने. वीज गेल्याबरोबर पंपाचा ब्रेकर खाली करायचा, ही साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. पाऊण तासाने वीज पुन्हा गेली. ती टिकून आली बुधवारी रात्री.

बुधवारी नळाचं पाणीही मंदावत मंदावत थांबलं. राज्यभर जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली होती, घरोघरचे पाइप फुटून दाब उतरला होता, एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. तेव्हा कामाला आला तो हाच पूल. पायऱ्यांजवळ गरम पाण्याची किटली ओतून भोक पाडलं आणि बादलीने पाणी काढून फ्लशच्या टाक्या भरल्या. बर्फ हातोड्याने फोडायचा नाही, एवढं तरी मला माहीत होतं. धक्का पाण्यातून थेट भिंतीला जातो आणि प्लास्टर तडकतं. दोन दिवस आम्ही आणि शेजारची दोन घरं त्या पाण्यावर होतो.

शुक्रवारी ऊन पडलं

१९ तारखेला, शिवजयंतीच्या दिवशी, अखेर ऊन पडलं. साडेपाच दिवसांहून जास्त काळ पारा सलग शून्याखाली होता. आणि ऊन पडल्यावरच नुकसान दिसायला लागलं, कारण बर्फ वितळेपर्यंत तोच भेगा बुजवून बसलेला असतो. दहाच्या सुमारास फिल्टरच्या बुडातून पाझर सुरू झाला, मग हीटरच्या पत्र्याखालून, मग पंपातून.

मोजदाद अशी झाली. पंपाच्या पुढच्या भांड्याला वरपासून खालपर्यंत भेग. फिल्टरची खालची टाकी तडकलेली. हीटरमधल्या तांब्याच्या नळ्या उसवलेल्या. पूलच्या सगळ्या सामानात हीच सर्वांत महाग गोष्ट. क्लोरीनच्या सेलचं कवच फुटलेलं. एक चेक व्हॉल्व्ह उभा चिरलेला. पूलच्या कडेच्या सात फरश्या सुटलेल्या, कारण बर्फाचा थर पसरताना त्यांना बाजूने ढकलत होता. जमिनीतले पाइप मात्र सगळे धड. वीतभर माती सहा दिवसांच्या थंडीला पुरून उरली.

भेगा कुठे पडल्या ते पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून पाइप फुटतो, असं आपण शाळेत शिकतो. पण मोकळ्या टोकाकडे फुगायला जागा असेल तर पाइपाला सहसा काही होत नाही. फुटतं तिथे, जिथे बर्फाची गाठ आणि बंद झडप यांच्यामध्ये पाणी कोंडतं. बर्फ वाढत जातो, कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो, आणि त्या कोंडलेल्या भागातलं सर्वांत कमकुवत कवच तडकतं. माझ्या प्रत्येक भेगेच्या जवळ एक झडप होती.

समोरच्या गृहस्थांचं एकच नुकसान झालं: चेक व्हॉल्व्ह. तो पाणी एका दिशेनेच जाऊ देतो, त्यामुळे बुचं काढूनही त्याच्या पोटात पेलाभर पाणी राहिलं आणि तेवढ्याने तो फुटला. शनिवारी ते आमच्या बोळात आले, एकेका यंत्राचं बूच कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. सहा वर्षं मी त्या यंत्रांशेजारून कचऱ्याचा डबा ओढत नेत होतो. पंपाला खाली दोन बुचं असतात हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं जे गेलं ते सामान होतं. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वादळात २४६ मृत्यू मोजले, त्यांतले बरेच घरातल्या घरात गारठून. हे लिहिताना ती संख्या डोळ्यांआड होत नाही.

दुरुस्तीला जून का उजाडला

पैशाचं थोडक्यात सांगतो: सात हजार डॉलरच्या आसपास खर्च आला, विम्याने आमचा वाटा वजा करून निम्म्याहून थोडं जास्त दिलं. खरी अडचण सामानाची होती. एकाच आठवड्यात इतके पूल एकदम मोडले की पंप, फिल्टर आणि हीटर कुठल्याच गोदामात शिल्लक राहिले नाहीत. त्यात भर म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल बनवणारे कारखाने टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावरच आहेत, आणि त्याच थंडीने तेही बंद पडले होते. ज्या थंडीने पाइप फोडले तिनेच नवे पाइप बनणं थांबवलं. क्लोरीनच्या गोळ्यांचीही त्या वर्षी टंचाई होती, कारण आदल्या ऑगस्टमध्ये चक्रीवादळानंतर लुइझियानातला त्यांचा एक मोठा कारखाना जळाला होता. एप्रिलपर्यंत पूल हिरवागार झाला.

त्या काळात एका मित्राने सुचवलं, पूल रिकामाच करून टाक. हे मात्र कुणी करू नये. रिकामा पूल म्हणजे जमिनीत रुतवलेली काँक्रीटची होडी. पावसाने भोवतीची माती भिजली आणि खालून पाण्याचा दाब आला की ती अख्खी वर उचलली जाऊ शकते. उत्तरेकडची माणसं पूल बंद करतानाही पातळी थोडीशीच उतरवतात ती यासाठी.

आता आमच्याकडे काय ठरलं आहे

पंप चालू ठेवायची जुनी सूचना तशीच आहे, कारण वीज आहे तोवर तिच्याइतकं चांगलं काहीच नाही. वीज गेली की मात्र वीस मिनिटं थांबायचं, संदेश काहीही म्हणो, आणि कामाला लागायचं. आधी पंपाचा आणि हीटरचा ब्रेकर खाली, हीटरचा गॅस बंद. फिल्टरच्या डोक्यावरची हवेची चावी उघडायची म्हणजे पाणी खाली यायला वाट मिळते. पंपाचं झाकण काढायचं, खालची दोन बुचं, मग फिल्टरचं एक, मग हीटरची. सेलच्या दोन्ही बाजूंच्या जोडण्या सैल करायच्या. तीन वाटांच्या झडपा अर्ध्यावर फिरवून ठेवायच्या, म्हणजे कुठल्याच पोटात पाणी कोंडून राहत नाही. चेक व्हॉल्व्हचं वरचं झाकण उघडून आतलं पाणी कापडाने टिपायचं. पूलच्या भिंतीतल्या गाळणीच्या तोंडात खडे घालून अर्धवट भरलेली प्लास्टिकची बाटली उभी करायची. बर्फ पसरला तर तो बाटली चेपतो, भिंत नाही. काढलेली सगळी बुचं पंपाच्या जाळीच्या टोपलीत टाकायची. ही युक्ती समोरच्या गृहस्थांची: पुन्हा पंप लावायला जाल तेव्हा टोपली उघडावीच लागते, बुचं समोर दिसतात आणि एकही हरवत नाही.

प्रत्येक बुचावर मी लाल रंगाचा ठिपका दिला आहे. लागणारा पाना बोळातच साखळीला बांधलेला आहे. दर नोव्हेंबरमध्ये, सुट्टीच्या एका दुपारी, मुलगी आणि मी हे सगळं एकदा करून पाहतो, उन्हात, घाई नसताना. पहिल्या वर्षी पंचवीस मिनिटं लागली होती, आता नऊ लागतात.

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या आदल्या दिवसांत पुन्हा तसाच कडाका आला. रात्री अकराला बाबांचा फोन आला, तेव्हा निफाडला सकाळ होती. लाइट आहे का, त्यांनी विचारलं. मी आहे म्हणालो, आणि फोन बोळात नेऊन त्यांना पंपाचा आवाज ऐकवला. त्यांनी तो थोडा वेळ ऐकला आणि मग विचारलं, “पाना कुठे आहे?”